‘एस’ दाबायचे, पण केव्हा?

शाळेच्या संगणकावर नवी प्रणाली बसवणे हे काम पुष्कळ शिक्षक आता स्वतःच करतात. पेन ड्राइव्ह खोचायचा, यंत्र सुरू करायचे, पडद्यावर एक यादी उमटते तिच्यातला एक पर्याय निवडायचा आणि मग विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत जायचे. या सगळ्यात आपण पडद्याकडे पाहत असतो, ही गोष्ट इतकी गृहीत असते की तिचा उल्लेखही कोणी करत नाही. आता असे समजा, की हे काम करणारा शिक्षक पूर्ण अंध आहे. एरवी संगणक वापरताना त्याचे फारसे अडत नाही. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी ‘स्क्रीन रीडर’ नावाची आज्ञावली त्याच्या दिमतीला असते. पण स्क्रीन रीडर ही शेवटी एक आज्ञावलीच. ती चालायला आधी यंत्रावर प्रणाली हवी. प्रणालीच बसायची आहे, तेव्हा वाचून दाखवणार कोण?

कोणा डोळस माणसाला शेजारी बसवावे, हे रूढ उत्तर. ज्याला ते पुरेसे वाटते त्याने एवढे लक्षात घ्यावे, की प्रणाली बसवताना मध्येच एक प्रश्न येतो: या डिस्कवरचे सर्व काही पुसले जाईल, पुढे जायचे का? ज्या डिस्कवर आपले दहा वर्षांचे टाचण आणि लेखन आहे, तिच्याबद्दलच्या या प्रश्नाला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून ‘हो’ म्हणणे वेगळे आणि प्रश्न स्वतः ऐकून ‘हो’ म्हणणे वेगळे. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे प्रणाली बसवणाऱ्या आज्ञावलीत, ऐकून काम करण्याची एक बोलती वाट आहे. ती कुठे अडते, आणि अडली तरी कोणाला कळत कसे नाही, हे या लेखात तपासायचे आहे. उदाहरण म्हणून आम्ही मुख्यतः डेबियनचा इन्स्टॉलर घेतला आहे. तो सर्वांत वाईट आहे म्हणून घेतलेला नाही. ज्याने बरेच काही नीट केले आहे, त्याच्याच उणिवा तपासण्यात अर्थ असतो.

डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली, स्वयंसेवकांनी चालवलेली प्रणाली. तिची सातवी आवृत्ती ‘व्हीझी’ ४ मे २०१३ रोजी बाहेर पडली. तिच्या घोषणेत दोन गोष्टी जवळजवळ सांगितल्या होत्या. ब्रेल यंत्र नसलेल्या दृष्टिहीन माणसालाही आता केवळ ऐकून डेबियन बसवता येईल, ही एक. आणि नव्या संगणकांतील ‘यूईएफआय’ या आरंभव्यवस्थेवरही डेबियन चालू होईल, ही दुसरी. यंत्र सुरू होताच पहिली सूत्रे जिच्या हाती असतात ती ही आरंभव्यवस्था. पूर्वी तिच्या जागी ‘बायॉस’ असे. या दोन घोषणांचे एकमेकींशी काय नाते आहे, ते पुढे येईलच.

बोलत्या वाटेची रीत सोपी आहे. पर्यायांची यादी तयार झाली, की यंत्र ‘बीप’ असा आवाज करते. तो ऐकून ‘एस’ ही कळ आणि मग एंटर दाबायचे. थोड्या वेळाने यंत्र बोलू लागते आणि भाषा कोणती हवी, हा पहिला प्रश्न ऐकू येतो. कागदावर हे वाचताना ‘एस’ महत्त्वाचे वाटते. खरे महत्त्व बीपला आहे. कळ लवकर दाबली, तर ती घ्यायला यादीच जाग्यावर नसते आणि ती वाया जाते. दृष्टी असलेल्याला यादी दिसते, म्हणून वेळ कळते. न दिसणाऱ्याला ती वेळ सांगणारे दुसरे काहीच तेथे नाही.

हा बीप येतो कुठून, हे पाहण्यासारखे आहे. बायॉसच्या वाटेवर यादीच्या शीर्षकात एक अदृश्य अक्षर घातलेले असते. संगणकाच्या अक्षरसंचातले हे सातवे अक्षर. टेलिप्रिंटरच्या काळात संदेश येत असल्याची घंटा पलीकडच्या टोकाला वाजवण्यासाठी ते वापरत, म्हणून त्याचे नावच ‘बेल’. छापून ते दिसत नाही, फक्त वाजते. उद्या कोणी हौशी माणसाने शीर्षक सुबक करण्यासाठी नव्याने लिहिले, तर हे अक्षर सहज गळून जाईल, आणि पडद्याकडे पाहणाऱ्याला काही बदलले असे वाटणारही नाही. यूईएफआयच्या वाटेवर यादी दाखवणारी आज्ञावलीच निराळी, ‘ग्रब’ नावाची. तिला वाजवायला स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. डेबियनने ती अशी दिली आहे: प्ले ९६० ४४० १ ० ४ ४४० १. यातला ९६० हा आकडा मिनिटाला पडणाऱ्या मात्रांचा. म्हणजे एक मात्रा सेकंदाचा सोळावा भाग. पुढे ४४० हर्ट्‌झचा स्वर एक मात्रा, मग चार मात्रा शांतता, पुन्हा तोच स्वर एक मात्रा. पेटी वाजवणाऱ्यांनी पांढरी सहाचा स्वर आठवावा. एकेका बीपमध्ये त्याची जेमतेम साडेसत्तावीस कंपने होतात आणि सगळा कार्यक्रम पाऊण सेकंदाच्या निम्म्यात आटोपतो. बायॉसवर एक बीप, यूईएफआयवर दोन, हा फरक डेबियनच्या पुस्तिकेत नोंदवलेला आहे. ऐकणाऱ्याला त्यातून आपण कोणत्या वाटेवर आहोत तेही कळते. इतकी कमी साधने असताना एवढी माहिती पोचवणे, याला आम्ही उत्तम रचना म्हणतो.

आमचा पहिला आक्षेप मात्र येथेच आहे. हे बीप संगणकातल्या ज्या साध्या, लहानशा स्पीकरवर वाजतात, तो आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये नसतोच. ज्या स्पीकरमधून गाणी वाजतात तो वेगळा. त्याला चालवायला साउंड कार्डाचा ड्रायव्हर लागतो आणि तो या घटकेला सुरू झालेला नसतो. म्हणजे नव्या आरंभव्यवस्थेची सोय केली, तिच्यासाठी दोन बीपही बसवले, आणि ते वाजवणारा भागच यंत्रांतून हळूहळू निघून गेला. माणूस कधीच न येणाऱ्या आवाजाची वाट पाहत बसतो.

यावर डेबियनच्या मंडळींनी काढलेला एक उपाय आम्हाला बीपपेक्षाही मोलाचा वाटतो. बायॉसच्या यादीत एक घड्याळ ठेवले आहे. तिच्या फाइलमध्ये ३०० असा आकडा दिसतो. तो सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचा, म्हणजे तीस सेकंद. एवढ्या वेळात कोणी कुठलीही कळ दाबली नाही, तर बोलती वाट आपोआप सुरू होते. यादीखाली तशी सूचनाही उमटते. एरवी आपोआप निवडला जाणारा पर्याय हा बहुसंख्यांच्या सोयीचा असतो आणि अडचण असलेल्याने वेगळी कळ शोधायची असते. येथे उलट केले आहे. ज्याला यादी दिसते त्याला कळ दाबण्याचा त्रास नाही. ज्याला दिसत नाही त्याने नुसते थांबायचे. समाजासाठी सोयी आखणाऱ्या कोणाही माणसाने या तीस सेकंदांचा अभ्यास करावा असे आम्ही म्हणू. डोळस माणूस चहा आणायला उठला आणि परत येतो तो यंत्र बोलत बसलेले, असे क्वचित होईल. तेवढे चालवून घ्यायला हरकत नाही.

आता पर्याय निवडल्यावर काय होते ते पाहू, कारण दुरुस्तीचे प्रश्न येथे सुरू होतात. यादीतला प्रत्येक पर्याय म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, दिलेली एक ओळीची चिठ्ठी असते. बोलत्या पर्यायाच्या चिठ्ठीत ‘स्पीकअप.सिंथ=सॉफ्ट’ असे शब्द असतात. स्पीकअप हा कर्नलमध्येच राहणारा स्क्रीन रीडर. पूर्वी त्याला बोलण्यासाठी संगणकाला जोडलेले वेगळे वाणीयंत्र लागे आणि चिठ्ठीत त्या यंत्राचे नाव घालत; ‘सॉफ्ट’ म्हणजे वेगळे यंत्र नाही, वाणी आज्ञावलीनेच तयार करायची. चिठ्ठी कर्नल वाचतो आणि नंतर येणाऱ्यांना वाचता यावी म्हणून एका ठरावीक जागी ठेवून देतो. इन्स्टॉलरचा त्या कामाचा भाग तेथे येऊन चिठ्ठीत हे शब्द आहेत का ते बघतो. असले, तर ईस्पीक ही वाणी तयार करणारी आज्ञावली सुरू करतो, तिला स्पीकअपशी जोडतो आणि साउंड कार्डाकडे वळतो. प्रणाली बसून झाल्यावर नव्या प्रणालीतही वाणी चालू राहील अशी तजवीज याच भागाला करावी लागते. ती राहून गेली, तर इन्स्टॉलर शेवटपर्यंत गोड बोलतो आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की मुके होते.

या साखळीतली कोणतीही एक कडी तुटली तर काय होते? समजा, चिठ्ठीत एक अक्षर चुकले, किंवा एका बाजूने शब्द बदलला आणि दुसरी बाजू जुनाच शब्द शोधत राहिली. कर्नलची रीत अशी, की न कळलेल्या शब्दाबद्दल तो आकांडतांडव करत नाही. तो शब्द सोडून पुढे जातो. पर्याय यादीत दिसतो, निवडता येतो, इन्स्टॉलर सुरूही होतो. पडद्यावर सगळे प्रश्न नीट उमटतात. फक्त बोलत कोणी नाही. दुरुस्ती करणारा माणूस डोळस असेल आणि त्याच्या यंत्राचा आवाज बंद असेल, तर त्याच्या दृष्टीने सारे काही ठीक आहे.

हे किती नाजूक आहे, ते दुसऱ्या एका खऱ्या गोष्टीवरून कळते. चिठ्ठीतले काही शब्द फक्त इन्स्टॉलरपुरते असतात आणि काही नव्या प्रणालीतही न्यायचे असतात. दोहोंमध्ये सीमा म्हणून डेबियन दोन आडव्या रेघा घालत असे. २०१४ साली कर्नलच्या ३.१५ या आवृत्तीने त्याच दोन रेघांना स्वतःचा अर्थ दिला: यापुढचे शब्द माझ्यासाठी नाहीत, पुढच्या आज्ञावलीसाठी आहेत. झाले, रेघांपलीकडचे शब्द कर्नलपर्यंत पोचेनात. डेबियनला दोनच्या तीन रेघा कराव्या लागल्या, त्या आजही आहेत. आता फरक बघा. रेघांपलीकडे बहुधा ‘क्वाएट’ हा शब्द असे. आरंभीचे संदेश पडद्यावर दाखवू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. तो निकामी झाला तर पडद्यावर नको असलेला मजकूर भरभर वाहू लागतो आणि ते कोणाच्याही चटकन लक्षात येते. बोलण्याचा शब्द निकामी झाला तर काय दिसते? काहीच नाही.

शांतता ही फार वाईट साक्षीदार आहे. यंत्र सुरूच झाले नाही, पेन ड्राइव्ह वाचला गेला नाही, यादी थांबून राहिली आहे, चिठ्ठी चुकली, वाणी सुरू झाली पण कार्डाचा आवाज शून्यावर आहे, आवाज आहे पण भलत्याच कार्डातून जातो आहे: या सगळ्यांचे लक्षण एकच. ज्याला ते भोगावे लागते, त्याच्याकडे यांतले कोणते कारण आहे हे शोधण्याचे साधन नसते, आणि तो कळवतो ते एवढेच, की आवाज येत नाही. अशी तक्रार दुरुस्ती करणाऱ्यांना अपुरी वाटते. आमच्या मते तक्रार अपुरी नसून इन्स्टॉलर अपुरा आहे. प्रत्येक टप्प्याला एक खूण वाजली असती, तर तक्रारही नेमकी झाली असती. यादीपाशी दोन बीप देण्याची जी कल्पकता दाखवली, ती यादीच्या पुढे थांबते.

चाचणीच्या रीतीतही हाच डोळसपणाचा दोष आहे. लिनक्सच्या अनेक गटांत वापरले जाणारे ओपनक्यूए हे चाचणीसाधन यंत्र चालवून बघते आणि पडद्याचे चित्र अपेक्षित चित्राशी जुळते का ते ठरवते. आवाज ध्वनिमुद्रित करून तपासण्याची सोय त्यात आहे, पण चाचणीचा सगळा ढाचा चित्रावर उभा आहे. बोलता पर्याय चित्रावरून तपासला, तर मुका इन्स्टॉलर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. म्हणून दुरुस्ती म्हणजे चुकलेला शब्द सुधारणे एवढेच नव्हे. पुढच्या वेळी तो चुकला तर ओरडणारे काहीतरी मागे ठेवले नाही, तर ती दुरुस्ती अर्धीच. शाळेत एखादे जुने यंत्र रिकामे असेल, तर मॉनिटरची तार काढून हा प्रयोग मुलांबरोबर करता येईल. हाताशी घड्याळ ठेवावे आणि कितव्या सेकंदाला काय ऐकू आले ते वहीत टिपावे. यंत्रावर ठेवण्यासारखे काही नाही, याची आधी खात्री करून घ्यावी, हे सांगायला नकोच. अशी टिपणे दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती फार क्वचित पडतात.

साउंड कार्डाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. आजच्या यंत्रांत बहुधा एकाहून अधिक कार्डे असतात. मॉनिटरला जाणारी तारही स्वतःला साउंड कार्ड म्हणवते. डेबियनचा इन्स्टॉलर एकेका कार्डातून बोलून बघतो आणि हव्या त्या कार्डातून आवाज ऐकू आला की एंटर दाबा, असे सांगतो. हे उत्तम. पण नव्या लॅपटॉपांतील ध्वनीचा चिप स्वतःची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, हाती पडल्याशिवाय हलतच नाही. ही फर्मवेअर डेबियनच्या ‘मुक्त’ या कसोटीला न उतरणाऱ्या विभागात असे, आणि अधिकृत इन्स्टॉलरमध्ये त्या विभागाला मज्जाव होता. तत्त्व चांगले, त्यामागचा आग्रहही प्रामाणिक. पण डोळस माणूस फर्मवेअरवाचून निदान प्रश्न तरी वाचू शकतो; अंध माणसासाठी त्या तत्त्वाने इन्स्टॉलरचे दारच बंद होत होते. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी यावर मतदान केले. चर्चेत, वायफायच्या अडचणीबरोबरच, ऐकून काम करणाऱ्यांची ही अडचणही मांडली गेली होती. निकाल फर्मवेअर घेण्याच्या बाजूने लागला आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या ‘बुकवर्म’ या आवृत्तीपासून ती अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आली. निर्णय योग्य होता असे आम्हाला वाटते. तत्त्वाची किंमत कोण मोजतो आहे, हे विचारल्याखेरीज तत्त्वनिष्ठेचे मोल ठरत नाही.

वाणी सुरू झाल्यावर इन्स्टॉलर काय बोलतो, यालाही महत्त्व आहे. डेबियनमध्ये बोलता पर्याय घेतला की चौकटी आणि बटणे बाजूला पडतात. प्रश्न साध्या ओळींत येतो, उत्तरांना क्रमांक असतात, हवा तो क्रमांक टाइप करायचा. दिसायला हे अगदी जुनाट. ऐकायला मात्र सरळ, कारण पडद्यावर काय कुठे मांडले आहे ते सांगण्याऐवजी थेट प्रश्न विचारला जातो. हा विचार नवा नाही. पुण्यात वाढलेले, चौदाव्या वर्षी दृष्टी गमावलेले आणि पुणे विद्यापीठ व मुंबईची आयआयटी करून १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणारे टी. व्ही. रमण यांनी १९९५ मध्ये ‘ईमॅकस्पीक’ ही आज्ञावली दिली, तिचे सूत्रच हे आहे. दिनदर्शिकेचा तक्ता आकड्यांच्या ओळी म्हणून वाचण्यात काय अर्थ? वार, तारीख, महिना असे बोलले पाहिजे. याच्या उलट बाजूला उबुंटू आहे. उबुंटूने एप्रिल २०२३ मध्ये नवा, देखणा इन्स्टॉलर आणला. तो ‘फ्लटर’ या साधनाने बनवलेला. फ्लटर आपली बटणे स्वतःच चित्रासारखी रंगवतो, त्यामुळे कोणते चित्र म्हणजे कोणते बटण, हे स्क्रीन रीडरला वेगळे कळवावे लागते. एप्रिल २०२४ च्या २४.०४ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीबरोबरच्या टिपणात, स्क्रीन रीडरची सोय आहे पण अपुरी आहे, अशी कबुली आहे. कबुली प्रामाणिक म्हणून तिचे स्वागत. पण अपुऱ्या चित्रांचा इन्स्टॉलर कोणी बाहेर काढला असता का?

शेवटी आपल्या भाषेविषयी. व्हीझीच्या घोषणेत इन्स्टॉलर ७३ भाषांत असल्याचे आणि त्यांपैकी डझनाहून थोड्या अधिक भाषांत बोलत असल्याचे म्हटले होते. डेबियनच्या इन्स्टॉलरचे मराठी भाषांतर आहे. ईस्पीकला मराठी बोलता येते; उच्चार यांत्रिक, पण समजणारे. तरीही या दोहोंची गाठ पडत नाही. देवनागरीतली जोडाक्षरे आणि काना-मात्रा साध्या अक्षरपडद्यावर नीट काढता येत नाहीत, म्हणून मराठी ही चित्ररूप इन्स्टॉलरमध्येच देऊ केली जाते. आणि बोलता पर्याय घेतला की इन्स्टॉलर आपोआप अक्षररूप वाट धरतो. लिनक्सच्या अक्षरपडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात. २०१८ च्या ४.१९ या आवृत्तीपर्यंत कर्नल पडद्यावरच्या मजकुराऐवजी या आकृत्यांचे क्रमांकच लक्षात ठेवत असे. ज्या अक्षराला आकृती नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि बोटांनी ब्रेल वाचणाऱ्यालाही तेच प्रश्नचिन्ह. मूळ अक्षर जपून ठेवण्याची सोय त्या आवृत्तीत झाली, ती ब्रेलची गरज पुढे ठेवूनच. ज्याला पडदा दिसतच नाही अशा माणसाला, पडद्यावर अक्षरे नीट उमटत नाहीत म्हणून मराठी ऐकायला मिळू नये, हा दोष अजून उभा आहे; भाषांतरही तयार आहे आणि आवाजही.